कांद्याच्या भावातून उभा राहिलेला नेता : शरद जोशी



मार्च-एप्रिल महिन्यात आपल्या कळवण तालुक्यातल्या कोणत्याही शाळेचा हजेरीपट उघडून बघा. उन्हाळ कांद्याची काढणी सुरू झाली की मुलांची हजेरी कमी होते. कोणी कांद्याची पात कापायला आईबरोबर गेलेलं असतं, कोणी लहान भावंडाला सांभाळायला बांधावर बसलेलं असतं. आपण ओरडतो, घरी निरोप धाडतो. पण हाच कांदा चांगल्या भावात गेला तर पुढच्या जूनमध्ये त्या पोराला नवं दप्तर मिळतं आणि भाव पडला तर जुन्याच दप्तराला दोरा घालून वर्ष काढावं लागतं, हेही आपल्याला माहीत असतं.

आपल्या पाठ्यपुस्तकात शेतकरी येतो तो जगाचा पोशिंदा म्हणून. मुलं निबंधातही तसंच लिहितात. पण एखादं चुणचुणीत पोरगं विचारतं, की सर, पोशिंदा आहे तर मग तो कर्जात का? या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसतं. पाऊस पडला नाही, रोग आला, असं काहीतरी सांगून आपण पुढच्या धड्याकडे वळतो.

हाच प्रश्न घेऊन एका माणसाने आयुष्याची चाळीस वर्षे काढली. त्याची पहिली लढाई कांद्याची, दुसरी मोठी लढाई आपल्या नाशिक जिल्ह्यातली, संघटनेचं पहिलं अधिवेशन शेजारच्या सटाण्यात आणि बायकांचा सर्वात मोठा मेळावा चांदवडला. म्हणजे आपल्या अंगणातलाच इतिहास की! तरी आज आपल्या वर्गातल्या मुलांना शरद जोशी हे नाव माहीत नाही. ते गेले २०१५ साली, तेव्हा यातली बरीच मुलं जन्मलेलीही नव्हती. म्हणून हा लेख. वाचा, आणि पटलं तर मुलांना आपल्या शब्दांत सांगा.

बालपण, शिक्षण आणि मोठी नोकरी

शरद अनंत जोशी यांचा जन्म ३ सप्टेंबर १९३५ रोजी सातारा येथे झाला. वडील टपाल खात्यात नोकरीला. घर मध्यमवर्गीय ब्राह्मणाचं, शेतीशी थेट संबंध नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे त्यांच्या विरोधकांनी हीच गोष्ट त्यांच्या तोंडावर अनेकदा फेकली. ज्याच्या सात पिढ्यांत कोणी नांगर धरला नाही तो शेतकऱ्यांचा पुढारी कसा, असं विचारलं जाई.

मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातून त्यांनी वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेतली. कोल्हापूरला काही काळ प्राध्यापकी केली. मग स्पर्धा परीक्षा देऊन १९५८ साली भारतीय टपाल सेवेत अधिकारी झाले. दहा वर्षे ही नोकरी केल्यावर १९६८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात जागतिक टपाल संघटनेत त्यांना काम मिळालं. ही संयुक्त राष्ट्रांच्या कुटुंबातली संस्था. भरपूर पगार, स्वच्छ शहर, पत्नी लीला आणि दोन मुली. आपल्याकडे याला लोक आयुष्याचं सोनं झालं असं म्हणतात.

पण त्या नोकरीत असतानाच त्यांना एक गोष्ट टोचू लागली. गरीब देशांच्या विकासावर मोठमोठ्या परिषदा होत, अहवाल निघत, आणि गरिबी होती तिथेच राही. भारतातल्या गरिबीचं मूळ कोरडवाहू शेतीत आहे, ते बाहेर बसून कळणार नाही, स्वतः माती हातात घेतली तरच कळेल, असं त्यांच्या मनाने घेतलं. १९७७ च्या सुमारास चाळिशी ओलांडलेला हा अधिकारी नोकरी सोडून कुटुंबासह भारतात परतला.

अंगारमळा : जमाखर्चाची वही

पुणे जिल्ह्यात चाकणजवळ आंबेठाण नावाचं गाव आहे. तिथे जोशींनी वीसेक एकर कोरडवाहू जमीन घेतली. या शेताचं नाव पुढे अंगारमळा म्हणून गाजलं. खडकाळ माळ, पाण्याची बोंब, वीज नाही. शहरात वाढलेलं कुटुंब तिथे राबू लागलं.

आता इथे एक गंमत बघा. शेती तर गावातले सगळेच करत होते. पण जोशींनी एक वेगळी गोष्ट केली. वाणिज्य शिकलेला माणूस, त्याने शेतीचा जमाखर्च काटेकोर लिहून ठेवला. बियाणं, खत, औषध, मजुरी, बैल, वाहतूक, आडत, हमाली, तोलाई, आणि घरच्या माणसांच्या श्रमाचीही किंमत. आपल्याकडे घरच्या माणसाची मजुरी कोणी धरतच नाही. आई दिवसभर निंदते, तिचे पैसे कोण मोजतो? ते मोजल्यावर वहीने जे दाखवलं ते धक्कादायक होतं. पीक बुडालं तर तोटा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पीक उत्तम आलं तरी तोटा!

हे मुलांना समजावायचं असेल तर साधं उदाहरण घ्या. समजा, एक क्विंटल कांदा पिकवायला सगळा मिळून हजार रुपये खर्च आला आणि बाजारात आठशेचा भाव मिळाला. आता जो दहा क्विंटल पिकवेल त्याचे दोन हजार बुडाले. जो चांगली मशागत करून वीस क्विंटल पिकवेल त्याचे चार हजार बुडाले. म्हणजे जो जास्त हुशार, जास्त कष्टाळू, तोच जास्त खड्ड्यात. आपण मुलांना कष्टाचं फळ गोड असतं असं शिकवतो. पण भावच खर्चाखाली असेल तर कष्टाचं फळ कडू निघतं. उलटी पट्टी हा शब्द आपल्या भागात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. माल विकून पैसे मिळायचे सोडून भाडं-हमालीपोटी व्यापाऱ्यालाच पैसे द्यायचे, ती उलटी पट्टी.

मग हा भाव पडतो कसा? जोशींचं म्हणणं होतं की तो नुसता पडत नाही, पाडला जातो. शहरातल्या लोकांना अन्न स्वस्त मिळावं आणि कारखान्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून सरकार निर्यातबंदी करतं, लेव्ही लावतं, जिल्हाबंदी-राज्यबंदी करतं, गरज पडली तर परदेशातून माल आणून ओततं. म्हणजे शेतकऱ्याची गरिबी ही त्याच्या आळसामुळे किंवा व्यसनामुळे नाही, लग्नात उधळपट्टी केल्यामुळे नाही, तर धोरणामुळे आहे. या देशात एक इंडिया आहे आणि एक भारत आहे, आणि इंडिया भारताला लुटतो, अशी मांडणी त्यांनी केली. यातला इंडिया म्हणजे फक्त शहर नव्हे हं. गावात राहून या लुटीवर मोठा झालेला माणूसही इंडियातलाच, आणि शहरातल्या झोपडपट्टीत गेलेला शेतकऱ्याचा पोर भारतातलाच, असं ते समजावत.

दानधर्म, अनुदान, कर्जमाफी हे त्यांनी मुख्य मागणीत धरलं नाही. त्यांची मुख्य मागणी एका ओळीची होती. घामाचे दाम द्या, म्हणजे उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव द्या, बाकीचं आम्ही बघून घेऊ. भिकेचा स्वर त्यात नव्हता आणि म्हणूनच ती मागणी शेतकऱ्याच्या काळजाला भिडली.

चाकणचा कांदा

१९७८ च्या सुमारास कांद्यावर निर्यातबंदी आली आणि चाकणच्या बाजारात भाव कोसळले. जोशींनी शेतकऱ्यांना एकत्र केलं आणि पुणे-नाशिक रस्ता अडवला. अखेर नाफेडला खरेदीत उतरावं लागलं. संघटित झालो तर भाव मिळतो, ही चव शेतकऱ्याला पहिल्यांदा कळली.

१९७९ मध्ये चाकणला शेतकरी संघटना उभी राहिली. छातीवर लावायचा लाल बिल्ला ही तिची खूण. जानेवारी १९८० मध्ये भामनहर खोऱ्यातल्या रस्त्यासाठी वांद्रे ते चाकण असा सुमारे ६४ किलोमीटरचा मोर्चा निघाला. त्यात बायामाणसं, म्हातारेकोतारे पायी चालले.

हा नेता दिसायलाही वेगळा होता. पुढारी म्हटला की खादी, टोपी, कडक इस्त्री. जोशी मात्र जीन्स घालून सभेला उभे राहायचे. भाषणात आरडाओरडा नाही. वर्गात शिक्षक फळ्यावर गणित सोडवतो तसं ते शेतकऱ्यापुढे हिशेब मांडत. आपण शिक्षकांनी यावर थोडा विचार करावा. अक्षरओळख नसलेला माणूसही अर्थशास्त्र समजू शकतो, फक्त ते त्याच्या गोणीतून आणि त्याच्या पट्टीतून सांगायला हवं.

नाशिक पेटलं

चाकण हे गाव लहान होतं. पण कांदा आणि ऊस या दोन्ही पिकांचा बालेकिल्ला म्हणजे आपला नाशिक जिल्हा. पिंपळगाव बसवंतचे माधवराव खंडेराव मोरे, प्रल्हाद पाटील कराड यांच्यासारखी इथली मंडळी जोशींना येऊन मिळाली आणि संघटनेला खरं बळ आलं.

१० नोव्हेंबर १९८० रोजी आंदोलन सुरू झालं. उसाला टनाला ३०० रुपये आणि कांद्याला क्विंटलला ५० ते ७० रुपये भाव, ही मागणी. मुंबई-आग्रा रस्त्यावर शेतकरी बैलगाड्या आणि मुलाबाळांसह येऊन बसले. रेल्वेही अडवली गेली. हजारो लोकांना अटक झाली, तुरुंगात जागा पुरेना. निफाड तालुक्यातल्या खेरवाडी इथे पोलिसांनी गोळीबार केला आणि दोन शेतकरी मारले गेले.

रेल्वेने मुंबईला जाताना खेरवाडी हे छोटं स्टेशन लागतं. बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत. पण पुढच्या वेळी ते नाव दिसलं तर शेजारी बसलेल्या मुलाला जरूर दाखवा. कांद्या-उसाच्या भावासाठी इथे माणसं मेली, हे त्याला कळू द्या.

त्या आंदोलनाने एक मोठी गोष्ट घडली. तोपर्यंत शेतकरी म्हटला की जात, गट, कारखाना, पक्ष यांत वाटलेला. या वेळी तो पहिल्यांदा शेतकरी म्हणून रस्त्यावर आला. उसाच्या दराचा प्रश्न राज्यभर गेला आणि कारखान्यांना भाव वाढवावे लागले.

पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, कर्नाटकच्या सीमेवर निपाणीला तंबाखू शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडलं. जवळपास तीन आठवडे ते तिथेच राहिले, तिथेच चुली मांडल्या. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि डझनभर शेतकरी गेले. भाव मागण्याची ही किंमत होती.

सटाणा आणि चांदवड

जानेवारी १९८२ च्या पहिल्या तीन दिवसांत संघटनेचं पहिलं अधिवेशन आपल्या शेजारी सटाण्याला भरलं. लोक घरून भाकरी बांधून आले. भावाचा प्रश्न एका पिकाचा किंवा एका जिल्ह्याचा नाही, सगळ्या शेतीचा आहे, हा विचार तिथे पक्का झाला. आपल्या तालुक्यातल्या ज्यांच्या घरी सत्तरी ओलांडलेले आजोबा असतील त्यांनी त्यांना एकदा विचारून बघावं. पाठ्यपुस्तकात नसलेला धडा घरीच सापडेल.

त्याच वर्षी जोशींच्या पत्नी लीला यांचं निधन झालं. आंबेठाणच्या उजाड माळावर नवऱ्याच्या ध्येयासाठी येऊन राबलेली ही बाई. चळवळीच्या इतिहासात अशा बायकांच्या वाट्याला एखादी ओळ येते. ती ओळ तरी आपण गाळू नये.

नंतरच्या काळात संघटना विदर्भ-मराठवाड्यात कापसावर लढली. पंजाबातल्या शेतकऱ्यांबरोबर चंदीगडला राजभवनाला वेढा घातला. पण मला स्वतःला सर्वात मोठी वाटते ती ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला चांदवडला भरलेली शेतकरी महिलांची परिषद. लाखोंच्या संख्येने ग्रामीण बायका तिथे आल्या होत्या. डोक्यावर पदर, हातात भाकरीचं गाठोडं, अनेकींनी गावची शीव पहिल्यांदाच ओलांडलेली. त्या परिषदेच्या तयारीसाठी लिहिलेली पुस्तिका चांदवडची शिदोरी या नावाने प्रसिद्ध आहे.

शेतीची लूट होते तेव्हा त्या घरातल्या बाईची लूट दुप्पट होते, हा तिथला विचार. यातूनच पुढे १९९० च्या आसपास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला. नवऱ्याने आपल्या जमिनीचा काही हिस्सा स्वखुशीने बायकोच्या नावावर करायचा. ज्या गावात शंभर जण असं करतील ते गाव लक्ष्मीमुक्त आणि त्या गावाला जोशी स्वतः भेट देणार. विचार करा, कायद्याचा दट्ट्या नाही, सरकारी योजना नाही, अनुदान नाही. तरी हजारो शेतकऱ्यांनी तलाठ्याकडे जाऊन बायकोचं नाव लावलं. आजही आपल्या भागात सातबाऱ्यावर बाईचं नाव कितीसं दिसतं? म्हणून हे काम किती अवघड होतं ते कळतं.

१९९१ ला शेगावच्या मेळाव्यात त्यांनी चतुरंग शेतीचा कार्यक्रम दिला. त्यातली सीताशेती ही बाईच्या हातातली, घराला पुरेल अशी आणि बाहेरच्या खर्चावर कमी अवलंबून असलेली शेती. बाकीचे तीन भाग म्हणजे माजघरात होणारी प्रक्रिया, व्यापार आणि निर्यात. नुसता भाव मागत बसू नका, माल पिकवण्यापासून विकण्यापर्यंतचं सगळं हातात घ्या, असा त्याचा अर्थ.

मतपेटीचा रस्ता

आता या चरित्रातला अवघड भाग. तो गाळला तर आपण मुलांपुढे माणूस न ठेवता पुतळा ठेवू.

सुरुवातीच्या काळात जोशी जाहीर सभांतून सांगत की मी मतं मागायला आलो तर मला जोड्याने मारा. लोकांना हे फार आवडायचं, कारण पुढाऱ्यांना लोक विटले होते. पण रस्ता अडवून भाव वाढवला तरी पुढच्या हंगामात धोरण पुन्हा तेच. धोरण ठरतं विधानसभेत आणि संसदेत. मग किती वर्षे रस्त्यावर बसायचं? हळूहळू संघटना निवडणुकीकडे सरकली. आधी दुसऱ्या उमेदवारांना पाठिंबा दिला, व्ही. पी. सिंग यांच्या बाजूने उभे राहिले. १९९० च्या विधानसभेत वामनराव चटप यांच्यासारखे संघटनेचे काही कार्यकर्ते जनता दलाच्या चिन्हावर निवडून आले. सिंग पंतप्रधान असताना जोशींना शेतीविषयक सल्लागार समितीचं अध्यक्षपद मिळालं आणि त्याच सरकारने दहा हजार रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जाला माफी दिली.

१९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. स्वतः निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. ज्याच्या सभेला लाखोंची गर्दी व्हायची त्याला मतं मिळेनात. असं का झालं असेल? मला वाटतं, रस्त्यावर शेतकरी शेतकरी म्हणून येतो, पण मतदान केंद्रात जाताना तो पुन्हा जातीचा, भावकीचा, साखर कारखान्याचा, सोसायटीचा होतो. त्याचं कर्ज ज्याच्या हातात, त्याला दुखवायला तो घाबरतो. आणि जोड्याने मारायची गोष्टही लोक विसरलेले नव्हते.

विचारांमुळेही माणसं दुरावली. १९९१ नंतर देशाने बाजार खुला केला तेव्हा बहुतेक शेतकरी नेते विरोधात गेले. उत्तरेतले महेंद्रसिंग टिकैत, कर्नाटकातले नंजुंडस्वामी यांची वाट वेगळी होती. जोशी मात्र म्हणत की शेतकऱ्याला सरकारने आजवर बांधूनच ठेवलं आहे, दोरी सुटत असेल तर घाबरायचं कशाला? बाजाराचं स्वातंत्र्य आणि नव्या तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य, दोन्ही द्या. बीटी कापसाच्या बियाण्यालाही त्यांनी पाठिंबा दिला. खुल्या बाजारात लहान शेतकरी टिकेल का, ही शंका तेव्हाही होती आणि आजही आहे.

दुसरी टीका आपल्या तालुक्याच्या दृष्टीने महत्त्वाची. भाव वाढला तर ज्याच्याकडे विकायला माल आहे त्याला फायदा. ज्याला जमीनच नाही किंवा घरापुरतंच नागली-भात पिकतं त्याचं काय? कळवण-सुरगाण्याकडून दरवर्षी कितीतरी आदिवासी कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. त्यांची मुलंही आपल्याच वर्गात आहेत. जोशींचं उत्तर असं, की शेतीत पैसा आला तरच मजुरी वाढेल, तोट्यातला शेतकरी मजुराला काय देणार? उत्तरात तथ्य आहे. पण वाढलेला भाव आपोआप मजुराच्या हातात पडतो, असंही दरवेळी होत नाही, हे आपण डोळ्यांनी बघतो.

२००४ मध्ये शिवसेना-भाजपच्या पाठिंब्यावर ते राज्यसभेत गेले. यावरूनही कार्यकर्त्यांत फाटाफूट झाली. राजू शेट्टी यांनी वेगळी होऊन स्वाभिमानी शेतकरी संघटना काढली. एका संघटनेच्या अनेक संघटना झाल्या. मार्च २०१० मध्ये राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक मंजूर झालं, तेव्हा विरोधात फक्त एक मत पडलं. ते जोशींचं! चांदवडला लाखो बायकांना एकत्र आणणारा माणूस, आणि त्याचं मत विरोधात? अनेकांना ते रुचलं नाही. त्यांचा आक्षेप बायकांच्या जागांना नव्हता, तर दर निवडणुकीला मतदारसंघ फिरवत राहण्याच्या पद्धतीला होता. मतदारसंघच बदलला तर निवडून आलेली बाई तिथे पाय कशी रोवणार, असं त्यांना वाटे. पटो वा न पटो, सगळं सभागृह एका बाजूला असताना एकट्याने हात वर करायला छाती लागते.

१२ डिसेंबर २०१५ रोजी पुण्यात वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचं निधन झालं. अंगारमळा याच नावाने त्यांचं आत्मकथनपर पुस्तक आहे. शाळेच्या ग्रंथालयात असायलाच हवं.

मग हा माणूस जिंकला की हरला?

कांद्याचा प्रश्न सुटला का? नाही. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये ती उठली पण ४० टक्के निर्यात शुल्क राहिलं, आणि ते पूर्ण निघायला एप्रिल २०२५ उजाडला. या काळात आपल्या गावात काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. चाळीत कांदा सडत होता आणि ट्रॅक्टर लिलावातून परत येत होते. १९७८ ला चाकणला जे घडलं तेच.

निवडणुका ते हरले, संघटना फुटली, निर्यातबंदीही संपली नाही. पण एक गोष्ट झाली. त्यांच्या आधी गरीब शेतकरी स्वतःच्या नशिबाला बोल लावायचा. त्यांच्यानंतर तो हिशेब मागायला लागला. आज बाजार समितीत भाव पडला की लिलाव बंद पाडून रस्त्यावर बसणारा शेतकरी शरद जोशींचं नाव घेवो न घेवो, त्यांनी शिकवलेलंच गणित मांडत असतो. एका शिक्षकाचा विद्यार्थी फळ्यावर गणित सोडवतो तेव्हा शिक्षकाचं नाव कुठे लिहितो?

वर्गात हे कसं घ्याल?

१) गणितात नफा-तोटा शिकवताना दुकानदाराऐवजी कांदा घ्या. उळे टाकण्यापासून लिलावापर्यंतचा खर्च मुलांनाच सांगू द्या. घरच्या माणसांची मजुरी धरायला विसरू नका. आईच्या कामाला किंमत आहे हे मुलांना तिथेच कळेल.

२) नकाशात चाकण, खेरवाडी, सटाणा, चांदवड आणि निपाणी शोधायला लावा. प्रत्येक गावापुढे एक वाक्य लिहायचं.

३) आजी-आजोबांची मुलाखत. १९८० च्या रस्ता रोकोत कोणी होतं का, चांदवडला कोणी गेलं होतं का? प्रश्न मुलांनीच काढावेत, आपण फक्त दुरुस्त करावेत.

४) मोठ्या मुलांसाठी चर्चा : चळवळीतल्या माणसाने निवडणूक लढवावी का? दोन्ही बाजू ऐकून घ्या आणि निकाल देऊ नका.

एक विनंती. हा पाठ घेताना कोणाकडे किती जमीन, कोणावर किती कर्ज हे वर्गात विचारू नका. ज्याच्या घरी जमीन नाही त्या लेकराची मान खाली जाता कामा नये. उलट त्याला विचारा, की एक वाफा कांदा काढायला किती वेळ लागतो? त्याचं उत्तर बागायतदाराच्या मुलापेक्षा अचूक येईल.

पालकांनाही एक सांगणं. माझं पोरगं शेतीत नको, नोकरी करू दे, असं तुम्ही म्हणता ते मला समजतं. शेतीने तुम्हाला जे दिलं ते पाहता त्यात चूक काही नाही. पण एक माणूस चांगली नोकरी सोडून उलट दिशेने आला होता, आणि शेतीत पैसा का उरत नाही हे त्याने वहीत मांडून दाखवलं होतं, हेही मुलांना सांगा. पोरगं पुढे अधिकारी होवो, शिक्षक होवो की व्यापारी, ज्या दिवशी त्याच्या हातात कांद्याविषयीचा एखादा कागद येईल त्या दिवशी त्याला आपल्या बापाची पट्टी आठवली पाहिजे.

शाळेत यावर काही उपक्रम घेतलात तर आम्हालाही कळवा. भेटू पुढच्या पाठात.